कोबीचं रिंगण

बारामतीहून इंदापूरला निघालं की काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावं लागतात. आषाढीला तुकोबारायांची पालखी याच वाटेनं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्यांचं. तिसरं रिंगण आमच्या पडवीत होतं, कोबीचं. त्याची बातमी मात्र कुठल्याच पेपरात येत नाही.

वारकऱ्यांच्या पंगतीसाठी कोबीची पोती उतरली, की आळीतल्या बाया आपापली विळी घेऊन गोल बसतात आणि ‘बारीक’ म्हणजे किती बारीक, यावरून जुंपते. जाऊबाई बारामतीच्या, त्यांचा कोबी सुईत ओवता यावा. नणंद इंदापूरला दिलेली. तिच्या मते शिजल्यावर सगळं सारखंच. आत्याबाई दोघींना गप्प करतात, "धागा निघाला पायजे. तुकडं काय, काटेवाडीची मेंढरंबी खात्यात."

आत्याबाईंचं चिरणं बघत बसावं. गड्ड्याचे उभे चार भाग करायचे. आतला पांढरा दांडा बाकीच्या बाया आधीच काढून टाकतात, त्या तो शेवटपर्यंत ठेवतात. दांडा असला की पानं सुटून परातभर पसरत नाहीत, आणि मुठीत धरायलाही तोच कामाला येतो. फोडीची सपाट बाजू पात्याला लावायची. रेटायचं नाही, नुसतं सरकवत राहायचं. शेवटी हातात उरलेला दांडा मीठ लावून त्या स्वतः खातात. तेवढाच मेहनताना.

जाऊबाईंनी ऑनलाइन स्लायसर मागवलाय. झकास चालतो, कोबीवर आणि बोटांवरही. बोटं वाचवायला सोबत आलेली मूठ पहिल्याच दिवशी माळ्यावर गेली. मिक्सरचाही एक मार्ग आहे. भांड्यात कोबीच्या फोडी, बुडेल इतकं पाणी, बटण क्षणभरच फिरवायचं आणि लगेच गाळून घ्यायचं. धागा निघत नाही, चुरा होतो. पिळून पराठ्यात घातला तर कुणी विचारत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे बटाट्याचं सोलाणं. गड्डा अर्धा करून कापलेल्या कडेवरून ओढत गेलं की पचडीजोगे पातळ धागे पडतात. पण ही युक्ती धाकट्या पुतणीची, त्यामुळे घरात तिला अजून मान्यता नाही.

माळेगाव खुर्दला बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात डचांच्या सहकार्यानं भाजीपाल्याचं केंद्र झालंय. रोपाचं शास्त्र तिथं मिळतं. चिरायचं शास्त्र बघायला मी मात्र चायनीजच्या गाडीसमोर उभी राहते. डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, सुरीचं टोक फळीवरच टेकलेलं, मागची बाजू तेवढी खालीवर. पोरगा गिऱ्हाइकाशी क्रिकेटवर बोलत असतो, कोबीकडे बघतसुद्धा नाही. हे आत्याबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "उभ्यानं चिरतोय न्हवं? मग कसलं आलंय बारीक!"

माझं विचाराल तर निम्मं काम बारामतीच्या गुरुवारच्या बाजारातच होतं. गड्डा हाताला जड आणि दाबला तरी न दबणारा घ्या. पोकळ गड्ड्याची पानं कुठल्याही पात्यापुढून पळतात. धुवायचा तो चिरायच्या आधी, आणि नीट निथळू द्या. धारवाला दारावर आला तर "पुढच्या वेळी बघू" म्हणून त्याला परत पाठवू नका.