गायरानात कांदा पिकवणाऱ्या महोदयांस

राजमान्य राजश्री बोगस पीकविमा अर्जदार साहेब,



प्रथम आपले आभार. खरीप २०२३पासून महाराष्ट्र सरकारने एक रुपयात पीकविमा दिला. शेतकऱ्याने रुपया टाकायचा, त्याच्या वाट्याचा बाकी हप्ता राज्य भरणार. पहिल्याच हंगामात अर्ज पावणेदोन कोटींच्या घरात गेले. हप्त्याच्या धास्तीने विम्यापासून लांब राहणारे आम्ही कोरडवाहू लोकही रांगेत आलो. पण या योजनेचे खरे मोल ओळखावे ते आपणच!

आपली कृषिदृष्टी अगाध. जिथे कुसळही धड उगवत नाही त्या गायरानात आपल्याला कांदा दिसला. अकृषक प्लॉट, देवस्थानच्या जमिनी, सरकारी गट, सगळीकडे आपण पीक उभे केलेत. तेही न पेरता, न खुरपता. आम्ही दुबार पेरणी करूनही सोयाबीन हाती लागत नाही, तिथे हे कसब थोर म्हणायचे.

आपले अर्ज भरून देणाऱ्या सीएससी केंद्रातल्या स्नेह्यांनाही नमस्कार सांगा. अर्जामागे केंद्राला ४० रुपये मिळत. सातबारा कुणाचा, भाडेकरार खरा का, हे विचारत बसले असते तर बिचाऱ्यांचे दिवसाचे अर्ज घटले असते.

आपल्यामुळे आमचा मानही वाढला. फेब्रुवारी २०२५मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले की, हल्ली भिकारीही एक रुपया घेत नाही, आम्ही मात्र रुपयात विमा देतो. लाटला आपण, ऐकून घेतले आम्ही.

आणि मग आपली सर्वांत मोठी कृपा. गैरप्रकारांचे कारण दाखवून सरकारने २०२५च्या खरिपापासून रुपयाचा विमा बंद केला. आता खरिपाला २, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता. तो आम्ही पोटाला चिमटा घेऊन भरू. पण त्याच फटक्यात स्थानिक आपत्ती, पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान ही चारही संरक्षणे गेली. उरला फक्त पीककापणी प्रयोग. पूर्वी ओढ्याचे पाणी एकट्याच्या शेतात शिरले तरी ७२ तासांत कळवून पंचनामा मागता येई. आता अख्ख्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठ्याखाली गेले तरच भरपाई. मंडळ बुडाले तरच माझे बुडाले, असा हा हिशेब आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीना नदीने सोलापूर-धाराशिवची शिवारे धुऊन नेली. उभे सोयाबीन कुजले, दावणीची जनावरे वाहून गेली, माती खरडली आणि खालचा मुरूम उघडा पडला. पिढ्यान् पिढ्या शेणखत घालून कसलेली ती माती होती. आपल्या गायरानातल्या कांद्याला काही इजा पोहोचली नाही ना? काळजी वाटते.

आपण सरकारचेही काम हलके केलेत. ई-पीक पाहणी होती, उपग्रहाची चित्रे होती, आणि गायरान कुठले, शेत कुठले, हे तर तलाठ्याला तोंडपाठ असते. तरी आपल्याला हुडकून दंड करण्यापेक्षा आमच्या डोक्यावरचे छप्पर काढणे त्यांना सोपे गेले. लाखो खोटे अर्ज सापडले म्हणून कोट्यवधी खऱ्यांना शिक्षा द्यायची, हा न्याय आपल्याशिवाय सुचला नसता.

आता एकच विनवणी. आपली नावे, गट क्रमांकासह, गावोगावच्या चावडीवर लागू द्यावीत. लाजू नये. आणि मंत्रालयात आपले इतके वजन आहे, तर आमचाही एक निरोप पोहोचवावा. रुपयाची मेहेरबानी नको. २ टक्के घ्या, ५ टक्के घ्या, पण ती चार संरक्षणे परत द्या. ओढा एकट्याच्या शेतात शिरला, तर ते बघायला एक माणूस बांधावर पाठवा.

आपला ऋणी,
सातबाऱ्यावरही आणि शेतातही असलेला एक शेतकरी