सल्ला न देता पोट कसे भरावे

प्रमाणपत्रधारक व्यावसायिक कोच होऊ इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे आपल्याला कोणालाही काहीही शिकवायचे नाही. गणित शिकवायचे असेल तर क्लास काढावा. फलंदाजी शिकवायची असेल तर शिवाजी पार्कवर नेट लावावे. संसार कसा करावा हे शिकवायचे असेल तर कोणाच्याही लग्नाला जाऊन पहिल्या रांगेत बसावे. कोच यातले काहीच करत नाही. उत्तर समोरच्यापाशीच आहे अशी श्रद्धा बाळगून तो प्रश्न विचारतो आणि तासाचे पैसे घेतो.

या श्रद्धेचा इतिहास पाठ असलेला बरा, पहिल्याच वर्गात उपयोगी पडतो. टिमथी गॅलवे नावाच्या कॅलिफोर्नियातल्या टेनिस प्रशिक्षकाच्या लक्षात आले, की आपण सूचना जितक्या कमी देतो तितका विद्यार्थी बरा खेळतो. १९७४ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. सर जॉन व्हिटमोर या मोटारशर्यती गाजवलेल्या इंग्रज सरदाराने ही विद्या कंपन्यांच्या साहेबांपर्यंत नेली. ध्येय काय, सध्याची परिस्थिती काय, पर्याय कोणते आणि तुम्ही नक्की करणार काय, या चार पायऱ्यांची ‘ग्रो’ चौकट त्याच्या १९९२च्या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाली. तिसरे नाव थॉमस लेनर्ड. हा अमेरिकेतला आर्थिक सल्लागार. माणसे पैशांचे विचारायला येतात आणि आयुष्याचे बोलत बसतात, हे त्याने हेरले. १९९५ साली त्याने जी संघटना काढली तीच आजची इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ. टेनिस, मोटारशर्यत आणि गुंतवणूक या तीन घराण्यांतून आलेली विद्या स्वस्त असेल अशी अपेक्षा कोणी करू नये.

आचरेकर सरांचे उदाहरण मात्र वर्गात देऊ नये. स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, जो सचिनला बाद करील त्याला ते द्यायचे आणि तो बाद झालाच नाही तर त्यालाच द्यायचे, ही पद्धत फेडरेशनच्या चौकटीत बसत नाही. ‘सचिन, नाबाद राहण्याविषयी तुला आतून काय जाणवतंय?’ असे त्यांनी विचारल्याची नोंद नाही. सरांना १९९०चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला खरा, पण तो देणाऱ्यांनी सेशनचे रेकॉर्डिंग मागितले नव्हते.

आता कायद्याचे. वकिलाला सनद लागते, रिक्षावाल्याला बॅज लागतो. कोचला यातले काही लागत नाही. उद्या सकाळी दारावर पाटी लावली तरी पोलीस येणार नाहीत. मग प्रमाणपत्र कशाला, हा प्रश्न तुम्हाला सुचला असेल तर तो अत्यंत प्रभावी प्रश्न आहे. फी भरण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

तरीही भरली असेल तर पुढे वाचा. आयसीएफच्या प्रमाणपत्राची पहिली पायरी एसीसी. तिला किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. दुसरी पीसीसी, १२५ आणि ५०० तास. तिसरी एमसीसी, २०० आणि २,५०० तास. शिवाय मेंटॉर कोचपाशी दहा तास, आणि तेही किमान तीन महिन्यांत पसरून. एका रविवारी वडापाव मागवून उरकता येणार नाहीत, याची दक्षता घेतलेली दिसते.

साठ तासांत शिकवतात काय, तर गप्प राहायला. चेष्टा नव्हे. फेडरेशनने कोचच्या आठ क्षमता ठरवल्या आहेत आणि शांततेला जागा देणे हे त्यांत लेखी आले आहे. मराठी माणसाची खरी कसोटी इथे लागते. आपल्याकडे रस्ता विचारणाऱ्याला रस्ता तर सांगतातच, वर तिकडे जाण्यात अर्थ नाही हेही सांगतात. अशा मुलखात वाढलेल्याने खालील प्रसंग रोज आरशासमोर घोटावा.

शेजारचे कुलकर्णीकाका येतात. मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून फोटोग्राफी करतो म्हणतोय. तुमच्या जिभेवर चार सल्ले, दोन ओळखी आणि स्वतःच्या मावसभावाची कथा तयार असते. ती गिळावी आणि म्हणावे, “काका, या सगळ्यात तुमच्यासाठी महत्त्वाचं काय आहे?”

“महत्त्वाचं? चार लाख भरलेत मी!”

“चार लाख भरलेत तुम्ही.” याला प्रतिबिंबित करणे म्हणतात.

“तेच सांगतोय ना.”

आता शांतता. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, मान किंचित तिरपी ठेवावी, नजर प्रेमळ असावी. सातव्या आकड्याला काका उठतील आणि आत हाक मारतील, “वहिनी, जरा बाहेर या, ह्याला काहीतरी होतंय.” साखरपाणी निमूट प्यावे. हा अर्धा तास नोंदवहीत घेता येत नाही, कारण काका क्लायंट नव्हते. निदान त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते, आणि करार आधी करावा लागतो.

स्वतःच्या घरात सराव मुळीच करू नये. “आज भाजी काय करू?” याला “तुझ्यापुढे कोणते पर्याय आहेत?” असे उत्तर दिल्यास “दुधी” असे ऐकू येते. त्यावर “आणखी काय?” हा कोचचा लाडका प्रश्न टाकला, की पुढचा पर्याय पिशवीच्या रूपाने हातात येतो आणि तुम्ही मंडईत असता.

‘का’ने सुरू होणारे प्रश्नही टाळायला शिकवतात. त्याने माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो म्हणे. ‘उशीर का झाला?’ असे न म्हणता ‘उशीर होण्यामागे काय काय घडलं?’ असे म्हणावे. ऐकणारा तरीही खोटेच बोलतो, पण सविस्तर.

एसीसीच्या शंभर तासांतले किमान ७५ तास पैसे घेऊन केलेले असावे लागतात आणि क्लायंट आठ तरी हवेत. इथे भलेभले खचतात. पण मोबदल्याची रक्कम ठरवून दिलेली नाही आणि वस्तूंची देवाणघेवाणही चालते. म्हणजे ज्याचे करिअर मार्गी लावायचे त्याच्याकडून डझनभर हापूस घेतले तरी तो तास सशुल्क झाला. कोकणात ओळखी असणाऱ्यांनी मे महिन्यात जोर लावावा. प्रत्येकाचे नाव, संपर्क, तारखा आणि तास नोंदवहीत हवेत. आंबा देवगड की रत्नागिरी, हे लिहिण्याची सक्ती नाही.

पीसीसीच्या परीक्षेत प्रसंग आणि चार पर्याय देतात. सर्वांत चांगले उत्तर निवडायचे आणि सर्वांत वाईटही. वाईट उत्तर शोधणे अवघड जात नाही. तुमच्या वडिलांनी जे केले असते, त्यावर खूण करावी. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. ते नवे करायला आणखी ४० तासांचे शिक्षण लागते. ते कोणीतरी विकत असतेच.

प्रमाणपत्र आल्यावर हाताची घडी घालून फोटो काढावा, मागे वीट दिसणारी भिंत असावी आणि पहिल्या खऱ्या क्लायंटची वाट पाहावी. तो येईल. चाळिशीचा, बऱ्या नोकरीतला, कंटाळलेला. ध्येय विचारावे. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघेल. तुम्ही अजिबात बोलू नये, याच क्षणासाठी तर साठ तास गेले. मग तो पुढे झुकून, आवाज खाली आणून म्हणेल, “खरं सांगू का, मलाही कोचच व्हायचंय. हा कोर्स केवढ्याला पडतो हो?”

आकडा सांगू नये. “तुम्हाला काय वाटतं, केवढ्याला पडत असेल?” असे विचारावे, आणि तो जो सांगेल त्याच्यावर जीएसटी लावावा.