‘पैसे आले का?’ : नाही

कबनूरच्या गल्लीत नवा माणूस शिरला की त्याला नाव विचारत नाहीत, "कुणाचा रं तू?" असं विचारतात. बाप कळला, आजा कळला की निम्मा माणूस कळला. ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं उलटं. चालू प्रोग्रॅममध्ये एखाद्या क्लासला ‘तुझ्याकडं काय काय आहे?’ असं विचारता येतं, पण ‘क्लास_कॉपीप्रॉपर्टीलिस्ट’ हे फंक्शन फक्त त्याचीच मालमत्ता, म्हणजे प्रॉपर्टी, सांगतं. बापाची हवी तर बापाच्या दारात वेगळं जायचं. वाटण्या झालेलं घर!

मालमत्तेचा प्रकार विचारला तर उत्तरही सरळ येत नाही. टी, ॲटचं चिन्ह, अवतरणात एनएसस्ट्रिंग, स्वल्पविराम, सी, एन, व्ही... टीमागं प्रकार असतो: लहान आय म्हणजे पूर्णांक, लहान डी म्हणजे डबल, ॲट म्हणजे ऑब्जेक्ट. मी ही ओळ शेजारच्या तात्यांना दाखवली. ते यंत्रमागवाले, कापडावर भिंग ठेवून इंचात ताणे-बाणे मोजतात, चिमटीत सूत धरून काउंट सांगतात.

"ही तर क्वालिटी लिवल्याली हाय की," ते म्हणाले, "ह्यात काय अवघड?"

अवघड काय ते मला पुढं कळलं. इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्यासाठी मी आयफोनचं ॲप केलं होतं. सर्व्हरवरून माहिती आली की प्रत्येक प्रॉपर्टीचा प्रकार ओळखून ती भरणारं एकच फंक्शन. त्या हुशारीवर मी बेहद्द खूश. त्यात ‘पैसे आले का?’ हा हो-नाहीचा खण होता. ३२ बिटी आयफोनवर ‘बूल’ म्हणजे आतून एका बाइटचं कॅरेक्टर, म्हणून टीमागं लहान सी. मी लिहून टाकलं: लहान सी दिसला की हो-नाही समज.

२०१३ साली ६४ बिटी आयफोन ५एस आला. त्यासाठी ॲप नव्यानं बांधलं आणि त्याच खणाचा प्रकार मोठा बी झाला. माझ्या फंक्शनला मोठा बी कोण ते ठाऊक नव्हतं. त्यानं खण तसाच सोडला. न भरलेला खण म्हणजे ‘नाही’.

तीन महिने व्यापाऱ्याच्या नव्या फोनवर प्रत्येक बिलापुढं ‘पैसे आले का? नाही’ दिसत होतं. एकही तक्रार आली नाही. उधारीच्या बाजारात एवढं पटणारं ॲप दुसरं नसेल.

शेवटी माझं मलाच दिसलं. मोठ्या बीची एक ओळ घातली आणि नवं ॲप पाठवलं. तासाभरात व्यापाऱ्याचा फोन.

"अहो, ॲप बिघडलंय तुमचं. एवढ्या जणांचे पैसे येतीलच कसे?"