पावयंत्र : निवड, जागा व निगा

घरगुती पावयंत्र, म्हणजे ब्रेड मेकर, हे ओट्यावर ठेवायचे विजेचे उपकरण आहे. पीठ मळणे, फुगवणे आणि भाजणे ही तिन्ही कामे ते एकाच भांड्यात, जागचे न हलता करते. निदान माहितीपुस्तिकेत तरी तसे म्हटलेले असते. आत नॉनस्टिक थराचे एक काढता येणारे भांडे, त्याच्या तळाशी फिरणारे एक पाते, भांड्याभोवती तापणारी कॉइल, तापमान जोखणारा सेन्सर आणि या सर्वांवर हुकूम सोडणारी एक चिप, एवढाच त्याचा संसार. वजन साधारण पाच ते सात किलो. हे वजन खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. यंत्र माळ्यावर चढवताना ते कळते.

निवडीचा पहिला निकष म्हणून जाणकार भांड्याचा आकार सांगतात. मराठी घरात पहिला निकष जागा हाच धरावा लागतो. ओट्यावर मिक्सर, शेगडी, पाण्याचा फिल्टर आणि कोणीही न वापरलेला पण भेट आलेला सँडविच टोस्टर आधीच ठाण मांडून असतात. पावयंत्राचे झाकण वरच्या बाजूला उघडते. त्यामुळे ते भिंतीवरच्या कपाटाखाली नेमके बसले, तरी उघडत नाही. शिवाय भाजताना त्यातून तासभर गरम वाफ निघते आणि ती कपाटाच्या सनमायक्याला मानवत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन ओट्याची लांबी, रुंदी आणि वरची मोकळी उंची मोजावी. मोजणाऱ्याला पाहून घरातून “अहो, आता आणखी काय आणताय?” असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर तयार नसेल, तर निवडीची पुढची प्रक्रिया तेथेच थांबते.

ज्या गावात पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंपू वाजवत दारात येतो, तेथे यंत्र घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गोव्यात गरम उंडो आणि पोंय हातात पडत असताना साडेतीन तास यंत्राकडे बघत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. यंत्राचा ग्राहक मुख्यतः शहरातला, पिशवीतल्या स्लाइसवर जगणारा. त्याच्या मनात शंका पेरली गेली ती 2016 साली. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पाव आणि बेकरीच्या पदार्थांचे 38 नमुने तपासले आणि त्यांतल्या 84 टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचा अंश सापडल्याचे जाहीर केले. ब्रोमेटने पाव छान फुगतो, पण त्याचा संबंध कर्करोगाशी जोडला जातो. पुढच्याच महिन्यात देशात ब्रोमेटवर बंदी आली. बंदी आली, तरी शंका गेली नाही. आणि शंकेवर विकल्या जाणाऱ्या उपकरणांत पावयंत्राचा क्रमांक पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या फार मागे नसावा.

यंत्राचा जन्म जपानमधला, 1980 च्या दशकातला. ओसाकाच्या मात्सुशिता इलेक्ट्रिक कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, अभियंत्यांनी पावयंत्र बनवायला घेतले तेव्हा पाव बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. त्यांनी यंत्राने मळलेल्या आणि कसलेल्या बेकऱ्याने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून ताडून पाहिले. पिठाचा एक्स-रे काढूनही निदान होईना. तेव्हा इकुको तानाका या सॉफ्टवेअर विकसित करणाऱ्या बाईंनी सुचवले की, ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरात नावाजलेला आहे, तर तिथेच जाऊन शिकावे. त्या तिथल्या मुख्य बेकऱ्याच्या हाताखाली राहिल्या आणि तो पीठ मळताना एका विशिष्ट तऱ्हेने ताणतो, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे वर्षभर अभियंत्यांबरोबर खटपट करून भांड्याच्या आत खास उंचवटे बसवले, तेव्हा कुठे पाव जमला. इकुजिरो नोनाका यांनी 1991 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात हा दाखला दिला आणि तेव्हापासून व्यवस्थापनाचे विद्यार्थी तो पाठ करत आले आहेत. त्यांतल्या किती जणांनी पाव करून पाहिला, याची नोंद नाही.

या कथेत निवडीचे सगळे मर्म आहे. यंत्राला हात देता येतात, अंदाज देता येत नाही. घरातली आजी कणीक भिजवताना वाटीने पाणी मोजत नाही. हाताला पीठ काय सांगते ते ऐकते आणि आणखी दोन थेंब शिंपडते. यंत्राला असे काही ऐकू येत नाही. त्याला प्रोग्रॅम क्रमांक 1 सांगितला की तीन तास तीस मिनिटांनी ते शिट्टी वाजवते, मग आत पाव असो, पेज असो की पाटा. तेव्हा ज्या यंत्रात माणसाला मध्येच आपला अंदाज घुसवता येतो ते चांगले, आणि जे माणसाला लांब ठेवते ते नुसते महाग. एवढे एक सूत्र हाती असले की बाकीचे निर्णय आपोआप होतात.

पहिला अंदाज पिठाचा. पावयंत्राच्या पाककृती बहुधा परदेशी ब्रेड फ्लोअरसाठी लिहिलेल्या असतात. त्यात प्रथिने 12 ते 14 टक्के असतात. आपल्या वाण्याच्या मैद्यात ती बरीच कमी. प्रथिने कमी म्हणजे ग्लूटेन कमी, आणि ग्लूटेन कमी म्हणजे पाव फुगून दमतो आणि मधोमध खचतो. कणकेची गोष्ट निराळी. तिच्यात प्रथिने पुरेशी असतात, पण कोंड्याचे कण ग्लूटेनच्या जाळीला कापत जातात, आणि चक्कीत दळताना स्टार्चचे कण इतके दुखावलेले असतात की ती पाणी पीतच राहते. अर्धा किलो मैद्याला जिथे 300 मिलिलिटर पाणी पुरते, तिथे तेवढीच कणीक साडेतीनशेच्या पुढे जाते. म्हणून ज्या यंत्राचे झाकण मळताना उघडता येते आणि उघडले तरी यंत्र रुसून बंद पडत नाही, ते घ्यावे. मळणे सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावे. पिठाचा गुळगुळीत गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरत असेल तर ठीक. चिकट असेल तर चमचाभर पीठ, कोरडा असेल तर चमचाभर पाणी घालावे. भाजणे सुरू झाल्यावर मात्र झाकणाला हात लावू नये, आणि घरातल्या प्रत्येकाला “झालं का?” म्हणून ते उघडण्यापासून आवरावे. दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा अवघड आहे. झाकणाला काचेची खिडकी असलेले यंत्र त्यासाठी उपयोगी पडते.

ज्वारी, बाजरी, नाचणीचा पौष्टिक पाव करण्याची हौस यंत्राबरोबरच घरात येते. या धान्यांत ग्लूटेन नसते. यंत्राने ती कितीही वेळ मळली तरी ते निर्माण होत नाही. ही अडचण आपल्याकडे फार पूर्वीच भाकरी थापून सोडवली गेलेली आहे. तरीही प्रयोग करायचाच असेल, तर एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापर्यंत करावा आणि पाहुणे नसताना करावा.

दुसरा अंदाज हवेचा. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनातले स्वयंपाकघर वीस-बावीस अंशांचे असते. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावरचे पाणीच त्याहून कितीतरी गरम असते. ईस्ट अशा वेळी उत्साहाने कामाला लागते, पीठ वेळेआधी फुगून झाकणाला टेकते आणि भाजायची वेळ येईपर्यंत बसते. उपाय साधा आहे: ईस्ट निम्म्याच्या आसपास आणावी, पाणी फ्रिजमधले घालावे आणि मीठ विसरू नये. डिसेंबरात महाबळेश्वरला याच्या उलट करावे. काही महाग यंत्रे सुरुवातीला नुसती विसावतात आणि भोवतालची हवा पाहून हा विसावा कमीजास्त करतात. महाराष्ट्राच्या हवामानाला हे यंत्र मानवते, मात्र त्याचा विसावा पाहून “बिघडलं वाटतं” म्हणून दुकानदाराला फोन करण्याचा मोह टाळावा.

भांड्याविषयी थोडक्यात. अमेरिकी हिशोबाने एक, दीड आणि दोन पौंडांचे पाव होतात, म्हणजे सुमारे 450, 700 आणि 900 ग्रॅम. चौघांच्या घराला मधला पुरतो. उभ्या भांड्यात पाव उंच आणि चौकोनी होतो. त्याची स्लाइस टोस्टरमध्ये मावत नाही. आडव्या भांड्यात तो दुकानातल्यासारखा लांब होतो, आणि घरातल्या मुलांच्या मते तोच खरा पाव. लादीपाव यंत्रात होत नाही. त्यासाठी यंत्राकडून फक्त पीठ मळून आणि फुगवून घ्यावे, गोळे हाताने वळावेत आणि ओव्हनमध्ये भाजावेत.

पीठ नुसते मळून फुगवण्याचा जो प्रोग्रॅम असतो, ‘डो’ नावाचा, तो सर्वांत महत्त्वाचा. जाहिरातीत 15, 19 किंवा 25 प्रोग्रॅम मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. त्यांत जॅम असतो, केक असतो, काही यंत्रांत दहीही असते. आपल्याकडे जॅम आणि दही यंत्राशिवाय होतात, हे बनवणाऱ्यांना कोणी कळवलेले दिसत नाही. प्रत्यक्षात वापरले जातात ते तीन: साधा पाव, गव्हाचा पाव आणि डो. चौथा हवा तो ‘बेक’, नुसता भाजण्याचा. पाव आतून ओला राहिला तर आणखी दहा मिनिटे देता येतात. मळणे, फुगवणे आणि भाजणे यांच्या वेळा स्वतः ठरवता येतील असा एखादा प्रोग्रॅम असला, तर बाकीच्या वीसची उणीव भासत नाही. भारतात काही यंत्रे कणीक मळण्याच्या सोयीसह विकली जातात. पोळ्यांची कणीक त्यात मळून निघते, पण भांडे धुण्याला लागणारा वेळ धरला तर परातच लवकर आटपते.

विक्रेता ज्या गोष्टीवर सर्वाधिक जोर देतो ती म्हणजे टायमर. रात्री साहित्य भरून ठेवावे आणि सकाळी साडेसहाला ताज्या पावाच्या वासाने जाग यावी, अशी कल्पना आहे. कल्पनेत गणिताचा उल्लेख नसतो. साडेसहाला पाव हवा तर यंत्र पहाटे तीनला मळायला लागते. मळणे हे आवाजाचे काम आहे. जड गोळा भांड्याच्या भिंतीवर आपटत फिरतो, खालच्या फ्लॅटमधल्या लोकांना घरात सुतारकाम निघाल्यासारखे वाटते, आणि गुळगुळीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर यंत्र हळूहळू चालू लागते. ओट्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन खाली पडलेली यंत्रे जगभर आहेत. तेव्हा तळाचे रबरी पाय दुकानातच दाबून पाहावेत आणि यंत्र भिंतीकडे सरकवून ठेवावे. बेदाणे घालण्याची आठवण देणारी शिट्टीही मळतानाच वाजते, म्हणजे पहाटे सव्वातीनच्या सुमारास. ती बंद करता येत नसेल, तर बेदाणे आपोआप टाकणारा कप्पा असलेले यंत्र पाहावे, किंवा बेदाणे सोडून द्यावेत. टायमर लावायचा असेल तर दूध आणि अंडी घालू नयेत. आपल्या उन्हाळ्यात रात्रभरात ती ईस्टच्या आधी आंबतात. बहुतेक यंत्रांत पाणी खाली, पीठ त्यावर आणि ईस्ट अगदी वर, कोरडी, असा क्रम असतो. काहींत तो नेमका उलटा असतो. वीज गेली तर कार्यक्रम किती मिनिटे आठवणीत राहतो, हेही विचारून घ्यावे. दहा मिनिटे हे उत्तर चांगले. ज्या गावात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार ठरलेला आहे, तेथे त्या वारी पाव करू नये.

एडिसनचे किंवा सॅन होजेचे नातेवाईक “आमच्याकडे पडून आहे, तुम्हाला घेऊन येतो” म्हणतात, त्यांना प्रेमाने नकार द्यावा. अमेरिकेतले यंत्र 120 व्होल्टचे असते. आपल्या 230 व्होल्टवर ते लावले तर त्यातून धूर येतो, पाव येत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण वारंवारता उतरवत किंवा चढवत नाही; 60 हर्ट्झसाठी बनवलेली साधी मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने मंद फिरते. शिवाय त्या ट्रान्सफॉर्मरचे वजन यंत्राच्या बरोबरीला येते आणि त्यालाही ओट्यावर जागा लागते.

हिशोबाच्या बाजूने पाहता, एका पावाला वीज साधारण अर्धा युनिट लागते आणि पीठ, ईस्ट, तेल धरूनही घरचा पाव पिशवीतल्या चांगल्या पावाहून स्वस्त पडतो. यंत्राची किंमत धरली तर पडत नाही. किंमत न धरण्याची पद्धत घराघरांत रूढ आहे आणि ती मोडू नये. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा मात्र याच खर्चात बसवावा. पाककृतीतला कप अमेरिकी, म्हणजे सुमारे 240 मिलिलिटरचा असतो आणि घरातल्या कोणत्याही दोन वाट्या एकमेकींशी सहमत नसतात.

पाव झाल्यावर भांडे लगेच बाहेर काढावे, नाहीतर आतल्या वाफेने कडा मऊ पडतात. पाव तासभर जाळीवर निववावा आणि मग दातेरी सुरीने कापावा. हा तास पाळला गेलेले घर क्वचितच आढळते. यात टिकवणारे द्रव्य नसल्याने पाव तिसऱ्या दिवशी शिळा होतो आणि चौथ्या दिवशी त्याचा फोडणीचा पाव होतो. तोही वाईट लागत नाही. भांड्याला घासणी लावू नये, लोखंडी उलथने तर मुळीच नको. कामाच्या बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगावे, कारण नॉनस्टिक थर एकदाच जातो आणि नव्या भांड्याला जवळपास नव्या यंत्राएवढे पैसे पडतात.

राहता राहिले पाते. ते पावाच्या बुडाशी भोक पाडते आणि अनेकदा पावातच अडकून बाहेर येते. ते काढायला प्लॅस्टिकचा किंवा लाकडी आकडा वापरावा. काही यंत्रांत भाजण्याआधी आडवे होणारे पाते असते. भोक लहान पडते. पाते न काढता शेजाऱ्यांना भेट दिलेला पाव त्याच्यासह जातो, आणि दुसऱ्या दिवशी “कालच्या पावात काही राहिलं का हो?” हे विचारणे दोन्ही घरांना जड जाते. जुन्या मॉडेलचे पाते बाजारात मिळत नाही. म्हणून ज्या कंपनीचे सुटे भाग आपल्या शहरात मिळतात तिचेच यंत्र घ्यावे, त्याबरोबर दुसरे पाते विकत घेऊन ठेवावे, आणि भेटीचा पाव आधी कापून मग द्यावा.