सीलवाले मास्तर

बीदरजवळच्या नौबादच्या स्टॉपवर मास्तरांच्या येझदीचा आवाज लांबून ऐकू आला की चहावाला आधी दुधाच्या पातेल्यावर झाकण घालतो. गाडीच्या मागून धूर येणार हे त्याला ठाऊक असतं.

मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झाले. विषय गणित. गाडी येझदी 250, दोन सायलेन्सरची, एकाच दांड्यानं किक आणि गिअर दोन्ही करणारी. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून जावा निघायची, 1973 मध्ये तिची येझदी झाली आणि 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. मास्तरांच्या मते बंद पडला तो फक्त कारखाना.

गाडीचं दुखणं एकच, क्रँकचं डावं ऑईल सील. ते समजून घेतल्याशिवाय मास्तर कुणाला ओट्यावरून उठू देत नाहीत. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येतात. पिस्टन वर गेला की तिथं ओढ, खाली आला की दाब. हा खेळ टिकवून धरायचा तो क्रँकच्या दोन टोकांच्या दोन रबरी कड्यांनी. उजवी फाटली तर डायनॅमोच्या बाजूनं हवा आत शिरते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी ओरडत राहते. डावी फाटली तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जाऊन जळतं. जमिनीवर एक थेंब नाही, पण तेल गायब! नौबादच्या पोटातून बहामनी काळातली करेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारा कालवा, जाते. तिचं पाणी कुठून कुठं वाहायचं हे शोधायला अभ्यासकांना नकाशे काढावे लागले. मास्तरांचं तेल कुठं जातं ते मागून येणारा कुठलाही रिक्षावाला खोकत खोकत सांगतो.

सील बदलण्याचा दिवस म्हणजे गल्लीत सण. क्लच उतरतो, चेन निघते, आणि काढलेले नटबोल्ट इडलीपात्राच्या थाळीत खळग्याखळग्यांत क्रमानं बसतात. त्या दिवशी घरात उप्पीट होतं. मास्तर चष्मा कपाळावर चढवून व्हर्नियर लावतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही आकडे मोठ्यानं वाचतात, आणि शेजारचा पोरगा ते वहीत लिहून घेतो. मग सीलच्या ओठाला बोटानं तेल. क्रँकच्या टोकाची धार ओठाला लागू नये म्हणून तिथं सेलोटेप. सीलच्या पोटातली बारीक स्प्रिंग आत यावी की बाहेर, यावर ओट्यावर दोन पक्ष पडतात. निकाल मास्तर देतात, अपील नाही. शेवटी मापाचा जुना सॉकेट ठेवून हातोडीनं टुक टुक. हे टुक टुक चालू असताना कुणी शिंकलं तरी त्याला बाहेर काढतात.

महिना-दोन महिने गाडी लाजल्यासारखी स्वच्छ चालते. मग पुन्हा धूर.

दोष सीलचा. उदगीरचं सील डुप्लिकेट, हैदराबादचं शिळं, रबर कडक झालेलं. बेंगळूरला नोकरीला असलेला भाचा सुटीवर निघाला की त्याला आधी जे. सी. रोडला पाठवतात. पोरानं एकदा सीलऐवजी म्हैसूरपाक आणला, तर मास्तर त्याच्याशी जेवणापुरतंच बोलले. फाटलेली सीलं बोर्नव्हिटाच्या डब्यात आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. कुठलं, किती टिकलं आणि शंभरपैकी गुण. पस्तीसच्या वर कुणीच नाही.

इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्यावरचे उस्ताद मात्र वेगळंच सांगतात. त्यांनी एकदा क्रँकचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवलं आणि म्हणाले, "मास्टर, सील कू कायकू गाली देरे? बेरिंग गया तुम्हारा. क्रँक नाचरा." मुख्य बेअरिंग झिजलं की क्रँक केसाएवढा डगमगतो, आणि ओठ कितीही नवा असला तरी इतक्या वेगात त्याच्या मागं मागं जाऊ शकत नाही. बेअरिंग बदलायचं तर इंजिन दोन फाकांत खोलायला पाहिजे. मास्तरांना हे कळत नाही असं नाही. गणित मुळात चुकलेलं असताना नुसतं उत्तर खोडून नवं लिहिणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर शून्य दिलं. पण इंजिन खोलायचं म्हटलं की म्हणतात, "बघू की. पावसाळा जाऊ दे." पावसाळा गेला की लग्नसराई.

मास्तरांच्या बायकोला, काकूंना विचारलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ते सील नीट बसलं, तर हे माणूस दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसून काय काय मोजंल, सांग."

मास्तरांची सासुरवाडी उदगीरची. किती लांब आहे म्हणून विचारलं तर ते किलोमीटर सांगत नाहीत. "जाऊन-येऊन गिअरबॉक्सची एक भरणी," म्हणतात, आणि पिशवीत तेलाची बाटली घेऊन निघतात.

परवा एक पोरगा नवी येझदी घेऊन आला, 2022 मध्ये पुन्हा बाजारात आली ती. फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून आले, सायलेन्सरमागं हात धरला, हात हुंगला. "धूर नाही," ते म्हणाले, "मग चालू आहे हे लोकांस्नी कळतंय कसं?"

तुम्ही जुनी येझदी बघायला कधी बीदरकडं आलात, तर मास्तरांचा चहा जरूर घ्या, डबाही बघा. पण सौदा करण्याआधी उजव्या बाजूचं झाकण काढून क्रँक वर-खाली हलवून पाहा. हलला, तर सीलवर पैसे घालू नका. थेट उस्तादांकडं जा आणि बेअरिंग बदलून घ्या.