डाव्या क्रँकचे आटे खाणाऱ्या फिटरमहाशयांस

फिटरमहाशय,

तुमचे नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुमचे काम ओळखायला नाव लागत नाही. खोक्यातून आलेली नवी सायकल जोडून द्यायला तुम्ही आमच्या घरी आलात, चहा घेतलात, पैसे घेतलेत आणि डाव्या क्रँकमधले आटेही घेऊन गेलात.

पेडल निखळले ते पुण्यातल्या चांदणी चौकाकडच्या चढावर. मुलगी उभी राहून पेडल मारत होती आणि मागे बस होती. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून हे पत्र फक्त आट्यांबद्दल आहे.

पेडलच्या आसावर अक्षर कोरलेले असते. उजव्यावर ‘आर’, डाव्यावर ‘एल’. ते वाचायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. तुम्ही ‘आर’चे पेडल डाव्या क्रँकला लावले. डाव्या बाजूला उलटे आटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेला फिरवले की आवळणारे. उजवे पेडल तिथे बोटांनी एक फेराही नीट जात नाही. तुमचेही गेले नसणार. क्रँक त्या क्षणी तुम्हाला स्पष्ट सांगत होती की हे पेडल माझे नाही. तुम्ही लांब दांड्याचा पान्हा काढलात आणि तिला गप्प केलेत. तुमच्या मनगटात जोर आहे, याबद्दल मला शंका नाही. शंका बोटांबद्दल आहे.

आस पोलादाचा, क्रँक ॲल्युमिनियमची. दोघांची झटापट झाली की हरायचे कोणी, हे ठरलेलेच आहे. पेडलच्या भोकाचे माप 9/16 इंच आणि इंचाला 20 आटे. क्रँकच्या जाडीत जेमतेम दहाएक आटे मावतात, आणि सगळा भार त्या सगळ्यांवर सारखा वाटला जात नाही. तोंडाजवळचे पहिले काही आटेच त्यातला मोठा वाटा उचलतात. तुम्ही नेमके तेच कापलेत.

उलटे आटे ही कोणाची लहर नाही. पेडलच्या बेअरिंगचे घर्षण आसाला सैल व्हायच्या दिशेने ओढत असते, तरीही पेडल टिकते. कारण पायाचा दाब प्रत्येक फेऱ्यात आसाभोवती जागा बदलतो, त्यामुळे आस भोकात अगदी सूक्ष्म गरंगळतो आणि आवळायच्या दिशेने सरकत राहतो. हे दोन्ही बाजूंना घडावे म्हणून डाव्या बाजूचे आटे उलटे करावे लागले. विमान उडवण्याआधी ओहायोतल्या डेटन गावी सायकली बनवणाऱ्या राईट बंधूंनीही आपल्या सायकलींच्या डाव्या पेडलला उलटेच आटे दिले होते. ज्या व्यवसायाचे तुम्ही पैसे घेता, त्याच्यात शंभर वर्षांहून जुनी असलेली ही गोष्ट आहे.

इथवर मी तुम्हाला अडाणी म्हटले असते आणि सोडून दिले असते. पण पुढे तुम्ही जे केलेत, त्याला अडाणीपणा म्हणत नाहीत. चूक तुमच्या लक्षात आली होती. तुम्ही उजवे पेडल काढलेत, डावे उचललेत, ते फाटलेल्या भोकात ढिले बसतेय हे पाहिलेत आणि त्याच्या आसावर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळलीत. ती पट्टी पाणी अडवते, माणसाचे वजन नाही. पेडल निखळल्यावर भोकातून तिच्या चिंध्या निघाल्या, तेव्हा सगळा प्रकार कळला. ‘साहेब, आटे गेले, क्रँक बदलावी लागेल,’ एवढे एक वाक्य तुम्ही बोलला नाहीत. ते बोलला असता तर मी चिडलो असतो आणि मुलगी चढावर पडली नसती.

आता दुरुस्तीचे सांगतो, म्हणजे तुमच्या पट्टीची किंमत तुम्हाला कळेल. फक्त पहिला आटा वाकलेला असता तर टॅपने, म्हणजे आटे कापायच्या हत्याराने, काम भागले असते. टॅप क्रँकच्या आतल्या बाजूने, म्हणजे जिकडचे आटे शाबूत आहेत तिकडून घालायचा. मग तो सरळ रेषेत येतो आणि बिघडलेल्या तोंडाशी पोचून ते साफ करतो. रॉकेलचे थेंब सोडायचे, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो. डाव्या क्रँकला टॅपही उलट्या आट्यांचा लागतो, आणि तो नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही.

आमच्या क्रँकचे दुखणे त्यापलीकडे गेले होते. भोसरीतल्या एका कारागिराने ती ड्रिल मशीनवर पक्की धरली, भोक मोठे केले, मोठ्या मापाचे आटे पाडले, त्यात पोलादी बुश लॉकटाइटचा गोंद लावून बसवला आणि आतून पेडलच्या मापाचे उलटे आटे दिले. भोक जरा तिरके गेले तर पेडल डुलते आणि गुडघा दुखतो, म्हणून तो प्रत्येक पायरीला गुण्या लावून बघत होता. त्याचा पान्हा तुमच्याहून लहान होता. साध्या सायकलीची क्रँक असेल तर इतका खटाटोप करू नये, नवी घ्यावी, ती स्वस्त पडते. पण आमच्या जोडीची सुटी डावी क्रँक बाजारात मिळेना.

मागच्या कॅरिअरच्या 5 मिमी बोल्टवरही तुम्ही हात चालवला होता. असा बोल्ट ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये असेल तर त्याला साधारण 5 न्यूटनमीटर पुरतात, म्हणजे वीतभरही नसलेल्या ॲलन चावीवर दोन बोटांचा जोर. तुम्ही तो हँडल धरावे तसा पिळलात आणि तिथलेही आटे गेले. तिथे 6 मिमीचे आटे पाडणे सोपे होते, पण मग बोल्टही बदलावा लागला असता. म्हणून हेलिकॉइल घातली. ती स्टेनलेस तारेची गुंडाळी असते. भोक किंचित वाढवून तिच्या मापाचे आटे पाडायचे, गुंडाळी आत फिरवायची, खालचे शेपूट मोडून काढायचे, की बोल्टला पुन्हा मूळ मापाचे आटे मिळतात, तेही पोलादी.

आणि ग्रीस. दोन्ही पेडलांवर ग्रीसचा ठिपका नव्हता. पुण्याच्या पावसाळ्यात पोलाद आणि ॲल्युमिनियम कोरडे एकमेकांना भिडले की गंजून असे जाम होतात की पुढच्या वेळी पेडल सोडवतानाच आटे सोलून निघतात. उजव्या बाजूचे ते भविष्यही तुम्ही लिहून ठेवले होते. ते आम्ही पुसले.

तुमच्याकडून मला पैसे परत नकोत. पुढच्या घरी पेडल बसवाल तेव्हा पान्हा पिशवीतच ठेवा. ग्रीस लावा, पहिले तीन-चार फेरे बोटांनी द्या, अडले तर थांबा, अक्षर वाचा. तरीही आटे गेलेच, तर ज्याची सायकल आहे त्याला सांगा.

ज्यांच्या घरी अशी जोडून दिलेली सायकल उभी आहे, त्यांनी आज दोन्ही पेडले धरून वर-खाली हलवून पाहावीत. आस क्रँकमध्ये खेळत असेल किंवा फटीतून पांढरी पट्टी डोकावत असेल, तर सायकल रस्त्यावर काढू नका.