पिशवीतला मुक्काम

मे महिन्यात कोकणात कुणाच्याही मागीलदारी जा, विहिरीपासून न्हाणीपर्यंत काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या ओळीने उभ्या दिसतील. गेल्या श्रावणात बांधलेली हापूसची कोय कलमं. जूनमध्ये प्रत्येकाला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा मिळणार, शेजारी 10 मीटर दूर असणार. तोवर मुक्काम चार ओंजळी मातीत. शंभरी गाठू शकणाऱ्या झाडाला एखादी कोंबडी येता-जाता आडवं पाडते, आणि घरातलं कुणीतरी त्याला उभं करून, माती थोपटून, कोंबडीला चार शब्द सुनावतं.

मुळात हे रोपच जरा चमत्कारिक. आपण चोखून टाकलेल्या रायवळ आंब्याची कोय रुजते, तांबूस लुसलुशीत कोंब वर येतो, आणि त्याचे तसे दिवस आहेत तोवरच शेंडा कापून तिथे जुन्या हापूसच्या काडीची पाचर बसवतात. खाली पाळण्यातलं पोर, वर आजोबांचं डोकं. त्या डोक्याला आपलं वय काही विसरता येत नाही. थंडीत आजूबाजूच्या बागा फुलल्या की गुडघ्याएवढं हे कलमही पिशवीतल्या पिशवीत मोहोर काढून मोकळं होतं. माझी काकू तो खुडते आणि पुटपुटते, "अरे, एवढ्यात नको रे." खालचं पोरही कमी नाही. जोडाखालून ते हळूच एक फूट काढतं. ती वेळीच मोडली नाही, तर हापूसला उपाशी ठेवून रायवळच वाढत सुटतो. गावात अशी झाडं आहेत. विचारलं तर मालक धागेदार आंबा चोखत सांगतो, "कलम हापूसचंच होतं हो."

पाणी घालणं सोपं. कठीण असतं ते कलमाला पिशवीत फार करमू न देणं. मूळ बुडाच्या भोकातून अंगणात उतरू बघतं, म्हणून काकू अधूनमधून पिशव्या उचलून जागा बदलते. पावसाळा जवळ आला की वरच्या मांडवावरून माडाची एकेक झावळी काढते, ऊन अंगवळणी पडावं म्हणून. पाण्याचाही हात आखडता घेते. मग पानं जरा मलूल दिसली की हिचाच जीव वरखाली. झारी उचलते, ठेवते, पुन्हा उचलते.

1990 साली रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून कातळ फोडून, त्यात बाहेरची माती भरूनही लोकांनी कलमं लावली. मिरगाचे दोन-चार पाऊस झाले की जोडावरची पट्टी सोडायची, पिशवी चिरायची, मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात ठेवायचा, जोड मातीच्या वर राखायचा. एका सकाळीत अंगण रिकामं. मेलेल्या कलमांच्या नांग्या भरायला म्हणून काही तेवढी मागे राहतात.

असंच एक विहिरीमागे राहून गेलं. पुढच्या मिरगाला काकू ते उचलायला गेली, तर फाटकी पिशवी हातात आली आणि कलम जागच्या जागी. मुळांनी परस्पर जागा ठरवून टाकली होती. आता ते घराच्या वर गेलंय. पानं विहिरीत पडतात, फांदी रहाटाला आडवी येते, आंबे शेजाऱ्यांच्या कौलांवर आदळतात. फांदी तोडायचा विषय निघाला की काकू म्हणते, "बघू पाऊस सरल्यावर," आणि फुटक्या कौलांचा हिशेब दरवर्षी टोपलीभर हापूसवर मिटतो.